डावीकडची चटणी

आमच्या घरात भांडण झालं की आवाज चढत नसे, उतरत असे. बाबा आईशी बोलणं बंद करायचे. पण अबोला धरला तरी पोटाला लागतंच, म्हणून मधे मी. "तुह्या आईले सांग, वरणात मीठ कमी आहे," बाबा म्हणायचे. आई तिथेच हातभर अंतरावर पोळी लाटत असायची. तीही मलाच सांगायची, "तुह्या बाबाले सांग, मीठ वाढलं आहे डावीकडं, घ्या म्हणावं." दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू गेलेलं असायचं, तरी मी निरोप पोचवला नाही तर दोघंही माझ्यावरच उखडायचे. एकुलती एक लेक असण्याचे हे लाड.

अबोला दोन-तीन दिवस टिकायचा. मग एका जेवणाला बाबा ताटातून मान वर न करता थेट आईला म्हणायचे, "चटणी वाढ थोडी." एवढं झालं की माझी नोकरी संपली. चटणी जवसाची. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, जवसाशिवाय आमचं पान हलत नाही, आणि आईच्या हातच्या चटणीसाठी बाबांनी स्वर्गातली अप्सरासुद्धा नाकारली असती. असं तेच म्हणायचे, अबोला नसेल तेव्हा.

सगळ्यात लांबलेला अबोला अकरा दिवसांचा. बाबा भोपाळला सरकारी कचेरीत बाबू होते. राज्याचे दोन भाग होणार हे नक्की झालं तेव्हा कर्मचाऱ्यांना विचारलं गेलं, इथेच राहता की छत्तीसगडात जाता. बाबांचा जीव भोपाळात अडकलेला. त्यांचे मित्र तिथे, तळ्यावरचं संध्याकाळचं फिरणं तिथे. आईला मात्र रायपूर हवं होतं, कारण माझा मामा रायपूरला रेल्वेत होता, मामी गेलेली, आणि त्याची तब्येत फार बिघडलेली. बाबांनी फॉर्मवर रायपूर लिहिलं आणि अकरा दिवस आईशी बोलले नाहीत. मग आम्ही आलो. नव्या राजधानीत तेव्हा सगळं नवं होतं, इमारती सोडून. बाबांची कचेरी एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरायची. "माह्या टेबलाच्या जागी आधी पेशंटची खाट होती," ते हसून सांगायचे, "म्हणून फाइल बी तिथं लवकर मरते." भोपाळचं नाव त्यांनी काढलं नाही. मामा दीड वर्षात गेला, तेव्हाही काढलं नाही.

काढलं ते चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात. भोपाळचा त्यांचा जुना मित्र निवृत्त होणार होता आणि बाबांना आईला घेऊन दोन दिवस जायचं होतं. आई म्हणाली, एवढ्या उन्हात कुठं जायचं, तुमचं बीपी वाढलेलं. झालं. बाबा माझ्याकडे वळले. "तुह्या आईले सांग, तिच्यासाठी मी भोपाळ सोडलं. तिले दोन दिवस रायपूर सोडवत नाही." आईचा चेहरा पडला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी आलंच, असा. पण तीही माझीच आई. म्हणाली, "तुह्या बाबाले सांग, खुशाल जा म्हणावं. अन् तिथंच राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करून बाहेर आले तेव्हा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच. मला हसू फुटलं. मी म्हणाले, "बाबा, उरलेली अर्धी भोपाळच्या न्हाव्याकडे करणार का?" त्यांनी उजव्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "झाली की." मला वाटलं, गंमत करून राहिले. मी टॉवेलने फेस पुसला आणि धावत बस गाठली. मी तेव्हा सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात टायपिंगचं काम करायची. कंपनीची बस चुकली तर दिवस गेला. आई स्वयंपाकघरात होती. अबोला असल्यामुळे तिने बाबांकडे मान वर करून पाहिलंच नाही, ताट पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली. अकराच्या सुमारास ते अंगणात पडले.

आज मला ठाऊक आहे की त्या फेसातच सगळं लिहिलेलं होतं. तेव्हा मी त्यावर विनोद केला. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती, आज लिहिते आहे.

मेंदूच्या उजव्या भागातली नस बंद पडली होती, म्हणून शरीराची डावी बाजू गेली, असं हॉस्पिटलात सांगितलं. उजवा मेंदू डावं अंग चालवतो, डावा उजवं. हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. डॉक्टर घाईत आणखी म्हणाले की डावीकडे त्यांचं लक्ष कमी राहील. मला वाटलं, हात-पाय चालत नाहीत तर लक्ष कसं राहणार. मी मान डोलावली आणि आईला सांगितलं, डावा हात आणि डावा पाय गेला. तिने विचारलं, "अन् बोलतील न?" बोलतील, मी म्हणाले. बोलणं शाबूत आहे.

बारा दिवसांनी घरी आणलं. आमच्या क्वार्टरची खोली चिंचोळी. पलंग लावला तो उजवी बाजू भिंतीला चिकटवून, म्हणजे रात्री पडायला नकोत आणि डाव्या, अधू बाजूने आम्हाला सगळं करता यावं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. आईने स्टूल घेतलं आणि पलंगाच्या डाव्या अंगाला बसली. सकाळी बसायची ती रात्री माझ्या जबरदस्तीने उठायची.

आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बोलत होते. जीभ जड झाली होती, पण बोलणं समजत होतं. मी पायथ्याशी उजव्या कोपऱ्यात आले की मला ओळखायचे, ऑफिसचं विचारायचे. आणि मग भिंतीकडे पाहत म्हणायचे, "तुह्या आईले सांग, पाणी पाहिजे." आई त्यांच्या डाव्या खांद्याला हात लावून बसलेली असायची. ती पाण्याचा पेला पुढे करायची, ते भिंतीकडेच पाहत राहायचे. एकदा मला म्हणाले, "तुही आई कुठं आहे? येत काहून नाही?" आई दचकली. म्हणाली, "मी इथंच तर आहे हो." ते भिंतीकडे कान देऊन राहिले.

दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं तर लोक म्हणाले असते, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला, डॉक्टरला विचारा. आमच्या घरात तिघांच्याही मनात तशी शंका आली नाही. आम्हाला हे ओळखीचं होतं. बाबांचा अबोला. भोपाळवरून सुरू झालेला, अजून न सुटलेला.

आई रोज हरत होती. अंग पुसताना हळू आवाजात म्हणायची, "चुकलं माझं. बरे झाले का भोपाळले जाऊ, तिथंच राहू. बोला न आता." ते बोलत नसत. ती जेवण भरवायला लागली तर ओठ मिटून घेत, कारण घास कुठून आला ते त्यांना कळतच नसे, हे मला आता कळतं. म्हणून मग ताट मांडीवर ठेवायचं, ते उजव्या हाताने जेवायचे. आई ताट वाढायची ते तिच्या सासूने शिकवलेलं, रीतीचं. उजवीकडे भाजी, वरणाची वाटी. मधे भात. डावीकडे मीठ, लिंबू, कोशिंबीर आणि चटणी. बाबा भाजी संपवायचे, वाटी चाटूनपुसून घ्यायचे, भात बरोबर अर्धा खायचे. चटणीला बोट लावायचे नाहीत.

"पाह्यलं?" आई मला ताट दाखवायची. "माह्या हातची चटणी बी नको त्याईले."

आमच्या घरात चटणी मागणं म्हणजे काय, हे तिला आणि मलाच माहीत होतं. पाच आठवडे तिने रोज ती चटणी ताज्या जवसाची कुटली आणि पाच आठवडे ती तशीच परत उचलली. तिने जेवण टाकलं. बारीक तर ती होतीच, आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी पायथ्याशी जाऊन उभी राहिले आणि अर्धांग झालेल्या माझ्या बापावर ओरडले. "बस करा बाबा! किती छळाल तिला? मरून जाईल ती." त्यांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. डोळे भरले. म्हणाले, "मी काय केलं?"

मला वाटलं, नाटक. देवा, मला तेव्हा खरंच तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपीला नवी मुलगी यायला लागली. बीरगांवहून स्कूटीवर यायची, पंचविशीची, वेणीत नेहमी मोगरा. प्रत्येक गोष्टीला "हव" म्हणायची, म्हणजे छत्तीसगडी 'हो'. ती आली तेव्हा बाबांचं जेवण नुकतंच झालं होतं आणि आई ताट उचलत होती. मुलीने ताट हातात घेतलं आणि पाहत राहिली. भाताचा अर्धा भाग सरळ रेषेत कापल्यासारखा उरला होता. तिने ताट बाबांच्या मांडीवर परत ठेवलं आणि फक्त अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं.

बाबांचा चेहरा उजळला. "चटणी आज वाढली काय?" ते म्हणाले, आणि बोट बुडवून चाटली. मग राहिलेला भात चटणीशी कालवून सगळा खाल्ला. आई ताटाकडे बघत उभीच राहिली.

मुलगी आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिने सांगितलं, डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत. पण जगाकडे लक्ष ठेवायचं काम मेंदूचं, आणि त्यातला डावीकडचं बघणारा भागच गेला. "बाबूजी के लिए बाईं तरफ है ही नहीं, दीदी."

"म्हणजे त्यांना तिकडे अंधार दिसतो?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आपको अपनी पीठ के पीछे क्या दिखता है? अंधेरा?"

मी विचार केला. मागे अंधार नसतो. मागे काहीच नसतं, आणि काही नाही याची आपल्याला खंतही नसते. बाबांचं अर्धं जग तसं झालं होतं. आणि आई त्या अर्ध्यात स्टूल टाकून बसली होती. बाबांना तिचा आवाज यायचा, पण त्यांचा मेंदू तो उरलेल्या बाजूला नेऊन ठेवायचा. उजवीकडे भिंत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

आईचा यावर विश्वास बसला नाही. नवऱ्याला आपण दिसत नाही यापेक्षा तो रागावला आहे हे तिला जास्त पटण्यासारखं होतं. रागाचा तिला तीस वर्षांचा अनुभव होता. तेव्हा मुलगी म्हणाली, चला, दाखवते. बाबांजवळ जाऊन तिने विचारलं, बाबूजी, डोळे मिटा, तुम्ही कोतवालीकडून सदर बाजारात शिरलात, काय काय दिसतं? बाबांनी एकेक दुकान सांगितलं. सराफाची पेढी, भांड्यांचं दुकान, आईच्या साड्या घ्यायचो तो कापडवाला. सगळी रस्त्याच्या उजव्या हाताची. डाव्या हाताचं एकही नाही, ते पेढ्यांचं दुकानही नाही ज्याशिवाय त्यांचा सदर बाजार पुरा होत नसे. मग ती म्हणाली, आता उलटे फिरा, सत्तीबाजाराकडून परत या. आणि बाबांनी पेढ्यांपासून सुरुवात केली. मघाशी गाळलेली सगळी दुकानं आली. सराफ, भांडी, कापडवाला नाहीसे झाले.

म्हणजे डोळ्यांपुढचंच नाही, आठवणीतलंही डावं गेलं होतं.

आई पुढे झाली. तिने पलंगावर वाकून, भिंतीच्या बाजूने त्यांच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं, "अन् मी? मी कुठं होती?"

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "तू नव्हती. मी एकटाच होतो."

सदर बाजारात ती त्यांच्यासोबत शेकडो वेळा गेलेली. नेहमी त्यांच्या डाव्या हाताला. रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं, गाड्यांच्या बाजूला ते, दुकानांच्या बाजूला आई. स्कूटर अंगावर आली तर आधी त्यांच्या अंगावर यावी. तिला जपायची जागाच नेमकी पुसली गेली होती. आई तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तिला पटलं होतं.

शेजारच्या दोघांना बोलावून आम्ही त्याच दुपारी पलंग समोरच्या भिंतीला नेला. कपाट अंगणात काढावं लागलं, ते पुढे तिथेच गंजलं. स्टूल उजव्या बाजूला आलं. आई केस विंचरून, कुंकू नीट करून येऊन बसली. बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"कुठं गेली होती इतके दिवस?"

"इथंच होती."

"खोटं नको बोलू. सैपाकघरातून आवाज येत जाय तुहा. इकडं फिरकत नव्हती." मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, तू माह्याशी बोलत नाही. भोपाळवरून."

पाच आठवडे ते भिंतीपलीकडची बायको रुसवा सोडून येण्याची वाट बघत होते. मला "तुह्या आईले सांग" म्हणत होते, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते.

मुलीने जाताना दोन गोष्टी सांगितल्या. दिवसातून थोडा वेळ तरी डावीकडूनच हाका मारा, मेंदू हळूहळू तिकडे बघायला शिकतो. आणि तोवर ताट उलटं वाढा, सगळं उजवीकडे. पहिली गोष्ट आईने मनावर घेतली. दुसरीला तिने साफ नकार दिला.

"जिवंत माणसाले उलटं ताट?" ती माझ्यावर खेकसली. "वेडी झाली का पोट्टे?"

आमच्याकडे उलटं ताट फक्त पितरांना वाढतात. श्राद्धाच्या दिवशी, मीठ-चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. मी खूप वाद घातला. शास्त्र सांगितलं, मेंदूचं चित्र काढून दाखवलं. तिला चित्र समजलं. ती म्हणाली, "समजलं मले. पण हात होत नाही." ताट ती रीतीनेच वाढत राहिली, आणि उजवीकडे बसून डावीकडची चटणी आपल्या बोटाने उचलून त्यांच्या तोंडात घालत राहिली. बाबांना वाटायचं, ताटात नव्हती, हिने कुठून तरी खास आणली. रोज विचारायचे, "अजून आहे का?" रोज असायची.

असे तिला तेवीस दिवस मिळाले. दोघं दिवसभर बोलायची. माझ्यामार्फत एक निरोप आला नाही. चोविसाव्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला आणि तो मात्र कुठल्या बाजूचा, हे विचारायलाही वेळ मिळाला नाही.

वर्षश्राद्धाला अमरावतीहून आत्या आली होती. पितरांचं पान वाढायला ती बसली, रीत तिला चांगली ठाऊक. आईने तिच्या हातातून वाटी घेतली. म्हणाली, "मी वाढतो." पहाटे उठून तिने जवस भाजले होते, कुटले होते. मीठ, लिंबू, कोशिंबीर तिने उजव्या हाताला वाढली. मग चटणीचा गोळा घेतला, तोही उजवीकडे ठेवला, नेहमीपेक्षा मोठा, आणि बोटाने थोडा आणखी उजवीकडे सरकवला.

आत्या म्हणाली, "बरोबर वाढलं वहिनी."

आई पानाकडे पाहत होती. "तेव्हाच असं वाढाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "एक दिवस तरी. आपल्या हातानं घेतली असती त्याईनं."